तोड आली

नोव्हेंबर लागला की हिंजवडीच्या पलीकडे, मारुंजी-नेऱ्याच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या वेळी दोन रांगा एकमेकींत अडकतात. एक आयटी पार्कातून सुटलेल्या मोटारींची, दुसरी उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. मोटारीतल्या माणसाला घर गाठायचं असतं, ट्रॉलीतल्या उसाला कारखाना. उशीर दोघांनाही नको असतो. पण उसाचा उशीर जास्त महागात पडतो, हे त्या रस्त्यावरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

त्या ट्रॉल्यांच्या मागे मागे गेलं, तर काही किलोमीटरवर धुराडं दिसू लागतं आणि हवेत मळीचा आंबूस-गोड वास येतो. हा श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, कासारसाई-दारुंब्रे. कासारसाई मुळशी तालुक्यातलं, दारुंब्रे मावळातलं. दोन गावांच्या आणि दोन तालुक्यांच्या शिवेवर कारखाना उभा आहे. देहू इथून जवळ, म्हणून नाव तुकोबारायांचं. माजी खासदार विदुरा ऊर्फ नानासाहेब नवले यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. मावळ, मुळशी, हवेली, खेड आणि शिरूर या पाच तालुक्यांतले शेतकरी त्याचे सभासद आहेत. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या गृहसंकुलांच्या आणि चाकणच्या मोटार कारखान्यांच्या अवतीभवती, त्यांच्यातूनच वाट काढत, एक साखरगाव पसरलेलं आहे. त्याला वेस नाही, त्याचं एक नावही नाही. ते एकत्र राहतं ते एका प्रश्नाने, आणि हंगामात इथल्या पारावर, चहाच्या टपरीवर, फोनवर तोच विचारला जातो: ‘तोड आली का?’

हा प्रश्न समजला की साखरगाव समजतं.

तुटल्यावर घड्याळ सुरू

चाकणच्या बाजारात कांदा येतो. भाव पडला असेल तर कांदा उत्पादक तो चाळीत ठेवतो आणि महिना, दोन महिने वाट पाहतो. बटाटा शीतगृहात जातो. भाताला तर घाईच नाही. कणगीत तो वर्षभर बसतो. उसाचं तसं नाही. कोयता बुडख्यावर पडला, त्या क्षणापासून उसातल्या साखरेला उतरती कळा लागते. कांड्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. त्याहून वाईट म्हणजे उसातल्याच विकरांमुळे आणि कापलेल्या टोकांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतात. त्यांचे स्फटिक होत नाहीत, म्हणजे पोत्यात भरायची साखर मळीत निघून जाते. म्हणून तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा, हा सगळ्या ऊसशास्त्राचा पहिला नियम.

दुसरी अडचण वजनाची. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. बाकीचं बहुतेक पाणी, चोथा आणि मळी. इतकं वजन फार लांब नेणं परवडत नाही. त्यामुळे कारखाना उसाजवळच हवा आणि ऊसवाल्याला जवळच्या कारखान्याशी जमवून घेणं भाग आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी: पाच तालुक्यांतला ऊस साधारण एकाच ऋतूत, थंडीत, पक्व होतो, कारखान्याचं तोंड मात्र ठरावीक आकाराचं. दिवसाला जेवढं गाळप होतं तेवढाच ऊस तोडायचा. जास्त तोडला तर वाळेल, कमी तोडला तर गिरणी रिकामी फिरेल. मग कुणाचा आधी आणि कुणाचा नंतर? ज्या क्षणी हा प्रश्न उभा राहतो, त्या क्षणी शेती हा एकट्याचा व्यवहार राहत नाही. रांग तयार होते, आणि रांग आली की नियम, नेता, तक्रार, रुसवा, विश्वास हे सगळं आलं. साखरगावाची सारी समाजरचना या रांगेतून उगवलेली आहे.

नोंद

रांगेची सुरुवात होते लागणीच्या दिवशी. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू, आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, सुरू बारा महिने. शेतकरी कारखान्याच्या गट कार्यालयात जाऊन लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि जात लिहून देतो. जात म्हटली की बहुतेकांच्या तोंडी ‘शहाऐंशी बत्तीस’ असते. पाडेगावच्या संशोधन केंद्राने शिफारस केलेली को ८६०३२ ही जात महाराष्ट्रभर पसरली. तिच्या जोडीला ‘दोनशे पासष्ट’, म्हणजे फुले २६५, आली. या लिहून देण्याला ‘नोंद’ म्हणतात. ज्याच्या उसाची नोंद आहे, त्याला रांगेत जागा आहे.

हंगाम सुरू झाला की शेतकी विभाग नोंदीच्या तारखा पाहून तोडणीचा कार्यक्रम लावतो. तोडणीची चिठ्ठी निघते, टोळी येते, आणि मग गावात बातमी फिरते, ‘अमक्याच्या मळ्यात तोड आली.’ ज्याची यायची आहे तो रोज बांधावर जाऊन उसाला आलेला तुरा पाहतो. तुरा आला की ऊस पोकळ होऊ लागतो, वजन घटतं. शेजाऱ्याची तोड आपल्याआधी आली तर त्याची लागण खरंच आधीची होती का, हे दोघांनाही नेमकं ठाऊक असतं; लागणीच्या दिवशी बांधावर दोघं एकत्रच उभे होते. म्हणून या रांगेत अन्याय लपून राहत नाही. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयपासून संचालकापर्यंत प्रत्येकाची पारख गावं या एका गोष्टीवरून करतात की त्याने रांग सरळ ठेवली की वाकवली. कारखान्याच्या निवडणुका पॅनेलच्या नावाने लढवल्या जात असल्या, तरी मत देताना सभासदाला आठवतं ते उभ्या उसाला आलेला तुरा पाहत घालवलेले दिवस.

भाताच्या मुलखातला पाहुणा

मावळ हा मुळात भाताचा मुलूख. सह्याद्रीचा पाऊस, खाचरं, आंबेमोहराचा वास; वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातूनच १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण बाहेर पडला. ऊस इथे नंतर आलेला पाहुणा. १९७२ च्या सुमारास पवना धरण झालं, नदी बारमाही वाहू लागली, आणि काठच्या शेतकऱ्यांनी नदीवर मोटारी बसवल्या. कासारसाईचं धरण झालं, उत्तरेला भीमा-भामेच्या खोऱ्यांत चासकमान आणि भामा आसखेडची धरणं झाली. खाचराशेजारच्या रानात ऊस उभा राहू लागला.

पाण्याबरोबर एक विचारही आला होता. ३१ डिसेंबर १९५० ला नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केलं होतं, आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. त्याआधीचे कारखाने बहुतेक खासगी कंपन्यांचे. शेतकरी ऊस पिकवणारा, मालक दुसराच. प्रवरेने हे उलटवलं. ज्याचा ऊस त्याचा कारखाना, आणि दहा एकरवाला असो की वीस गुंठेवाला, मत प्रत्येकाला एकच. पुढे हीच घडी महाराष्ट्रभर पसरली. पुणे जिल्ह्यात जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, शिरूरला घोडगंगा आणि कासारसाईला संत तुकाराम उभे राहिले.

नेग्रोस बेटावरचा आरसा

मालकी उलटवण्याची किंमत किती, हे कळायला थोडं दूर जावं लागतं. फिलिपिन्समधलं नेग्रोस बेट हा त्या देशाचा साखरपट्टा. १८५० च्या दशकात शेजारच्या इलोइलो बंदरात निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत आला. त्याने उधारीवर यंत्रं दिली, निर्यातीची वाट मोकळी केली, आणि नेग्रोसवर उसाची मोठी जमीनदारी उभी राहिली. तिथे तिला ‘हासिएन्दा’ म्हणतात. एका घराण्याकडे शेकडो एकर, आणि मजुरांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच मळ्यात. १९१९ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरियास मिलिंग कंपनीभोवती तर अख्खं शहर वसलं. कंपनीच्या आवारातल्या प्रार्थनागृहात चित्रकार अल्फोन्सो ओसोरियोने १९५० मध्ये काढलेलं येशूचं भित्तिचित्र आजही लोक पाहायला येतात.

तिथेही तोडणीला बाहेरगावचे मजूर येतात, बरेचसे पानाय बेटावरच्या आंतिके प्रांतातून. त्यांना ‘सकाडा’ म्हणतात. तिथेही त्यांना आधी उचल देऊन बांधून घेणारा ठेकेदार असतो. आणि तोडणी संपल्यावर, मेपासून सप्टेंबरपर्यंत, जो बिनकामाचा काळ येतो त्याला तिथली माणसं ‘तिएम्पो मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे मेलेला काळ. १९८० च्या दशकाच्या मध्यात जागतिक बाजारात साखर कोसळली आणि जमीनदारांनी मळे ओस टाकले. मजुराकडे स्वतःची भाजी लावायलाही जमीन नव्हती. साखरेच्या बेटावर लेकरं उपाशी राहिली. १९८५ च्या सप्टेंबरात एस्कालांते गावी निदर्शनं करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि वीस माणसं गेली. त्याच बेटावरच्या बाकोलोद शहराने १९८० साली, अडचणीच्या काळात, हसऱ्या मुखवट्यांचा ‘मासकारा’ उत्सव सुरू केला आणि तो आजही तितक्याच थाटात होतो.

भाव आपल्याकडेही पडतात, उसाची बिलंही थकतात. पण कासारसाईच्या सभासदाकडे स्वतःचा सातबारा असतो. भाव पडला तर तो खोडवा मोडून भात लावतो, कोथिंबीर करतो, दोन म्हशी वाढवतो. हंगाम संपला तरी त्याचा काळ मरत नाही. कायदाही त्याच्या बाजूने आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर पंधरा टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे ‘एफआरपी’, ठरवला. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो वजा होणारा आकडा शेतकरी नीट वाचतो. पण त्या आकड्यामागची माणसं कोण, हे पाहायला त्याला रानात उतरावं लागतं.

कोयता

पहाटे चारला रानात अंधारच असतो. ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात माणसं सरीत शिरतात. नवरा वाकून बुडख्यालगत घाव घालतो. घाव जमिनीलगतच बसायला हवा, कारण सगळ्यांत जास्त साखर बुडख्यातच असते. बायको मागून पाचट सोलते, शेंड्याचं वाढं तोडते, कांडी ओळीने लावते, वाढ्यांचीच दोरी वळून मोळी बांधते. मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. फळी वीतभर रुंद, दवाने ओली. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. दुपारी वाढ्यांच्या पेंढ्या बांधून गावातल्या म्हशीवाल्यांना विकतात, तेवढेच वरकड पैसे. संध्याकाळी खोपीपुढे चूल पेटते. खोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री. आत एक पेटी, धान्याचं पोतं आणि झोळीत मूल.

ही माणसं बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन जातो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात खर्चून जाते, आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडायला ऊस तोडावा लागतो. जोडप्याला मिळून इथे एक शब्द आहे: ‘कोयता’. ‘यंदा टोळीत किती कोयते?’ असं विचारतात. नवरा-बायको दोन, कष्ट दोघांचे, पण हिशेबात कोयता एक. उचल घेणाऱ्याचं नाव बहुतेक पुरुषाचं. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर अर्धा कोयता पडतो आणि खाडा कापला जातो. बीड जिल्ह्यात तोडणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी तरुण वयातच गर्भाशय काढून घेतल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा या हिशेबाची खरी किंमत राज्याला कळली.

काही बदल झाले आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं निघाली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. तरीही खोपीपुढे उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. समोरच्या रानातल्या उसाची जात, वय, क्षेत्र, तारीख सारं कारखान्याच्या वहीत आहे. तो तोडणाऱ्या बाईचं नाव त्या वहीत शोधून सापडत नाही.

सणांचं पंचांग

साखरगावाला दोन पंचांगं असतात, एक तिथींचं आणि एक गाळपाचं. आणि ती एकमेकांत विणलेली आहेत. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजेला एखाद्या सभासदाचं जोडपं बसतं, आणि पहिली मोळी गव्हाणीत पडते तेव्हा हात जोडलेले असतात. दिवाळीला सभासदांना भागाप्रमाणे सवलतीची साखर मिळते. पिशवी घेऊन रांगेत उभं राहणं हा इथला सणाचाच एक भाग. म्हातारी माणसं ही साखर चवीला वेगळी लागते असं सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात मालकीचा अभिमान असतो. कार्तिक वद्यात आळंदीला ज्ञानोबांचा संजीवन समाधी सोहळा आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज. दोन्ही ऐन हंगामात येतात. एक भाऊ वारीला गेला तर दुसरा वजनकाट्यावर थांबतो.

चैत्र लागतो, हातात उसाचं बिल आलेलं असतं, आणि मग लग्नं, वास्तुशांती, ग्रामदैवतांच्या यात्रा. मावळ-खेडच्या यात्रांत जीव असतो तो बैलगाड्यांच्या घाटात. चढाच्या धावपट्टीला इथे घाट म्हणतात. पुढे घोडी पळते, मागे बैल, आणि निकाल सेकंदांत लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या सात वर्षांत घाट ओस पडले, तरी कितीतरी गोठ्यांत शर्यतीचे बैल खुराक खात उभे होते. ट्रॅक्टरने नांगरणाऱ्या, मोटार कंपनीत पाळीवर जाणाऱ्या पोरांनी ते सांभाळले. मातीशी नातं कुठे धरून ठेवायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

शहराची तहान, जमिनीचा भाव

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६० च्या दशकात आकुर्डी-पिंपरीला बजाज आणि टेल्को. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे हिंजवडी, तळेगाव, आणि २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज. या सगळ्याला जमीन लागली, पाणी लागलं. पवनेचं पाणी नदीतूनच वाहत येतं आणि शहर ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलतं. वाटेत काठच्या मोटारीही ते घेतात. ते धरणातून बंद नळाने थेट निगडीला न्यायचं ठरलं, तेव्हा काठच्या गावांना वाटलं की उद्या नदीच कोरडी पडेल. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर शेतकरी उतरले, गोळीबार झाला, आणि एका बाईसह तीन जणांचा जीव गेला. मावळात तो दिवस आजही पाळला जातो.

पाण्यापेक्षा जमिनीचा प्रश्न अधिक अवघड. ऊस टनावर मोजतात, जमीन आता गुंठ्यावर. एकरी चाळीस टन ऊस काढणाऱ्याला वर्षभर राबून जे मिळतं, ते गुंठाभर जमिनीच्या भावापुढे फिकं पडतं. वारस वाढले, बहिणींच्या सह्या, बिल्डरचा विसार. एकेका शिवारातून ऊस हटत चालला आहे. ऊस कमी झाला की कारखान्याचं पोट भरत नाही. हवेलीतला थेऊरचा यशवंत कारखाना कर्जापायी बंद पडला आणि वर्षानुवर्षं बंदच राहिला, हे इथल्या प्रत्येक सभासदाच्या मनात असतं. तरी जमीन विकून बसलेली माणसंही सप्टेंबरातल्या वार्षिक सभेला अहवालाची पुस्तिका काखेत धरून येतात. शिवारात एक कांडंही उरलेलं नसताना भाग मात्र विकत नाहीत. कारण विचारलं, तर म्हणतात, ‘तेवढीच आपली ओळख.’ फ्लॅटवाल्यांच्या संकुलात शेजारी कोण हे कळत नाही; कारखान्याच्या सभेत मात्र पाच तालुक्यांतले लोक एकमेकांना बापाच्या नावाने ओळखतात. पिढ्यान् पिढ्या एका रांगेत उभं राहिल्याने ही ओळख झालेली आहे.

शेवटची मोळी

मार्च सरतो. शेवटच्या ट्रॉलीला हार घालतात, गुलाल उधळतात, गव्हाण थांबते. दोन दिवसांत खोप्या मोडल्या जातात. पेट्या, कोंबड्या, मुलं ट्रकवर चढतात आणि ट्रक बीडच्या वाटेला लागतो. मागे राहतात चुलींचे काळे डाग आणि तीन-तीन दगड. आठवड्याभरात शेतकरी पाचट सरीत दाबून पाणी सोडतो, आणि त्याच बुडख्यांतून हिरवे कोंब वर येतात. तो गट कार्यालयात जाऊन नोंद करतो: खोडवा, को ८६०३२, अमुक गुंठे.

सहकाराने या मुलखात एक मोठं काम केलं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याने गिऱ्हाईक ठेवलं नाही, मालक केलं. नेग्रोसच्या मजुराला जे शंभर-दीडशे वर्षांत मिळालं नाही ते इथल्या वीस गुंठेवाल्याला मिळालं, आणि ते जपण्यासारखं आहे. पण ते काम अर्ध्यावर थांबलेलं आहे. ज्या वहीत उसाची नोंद होते, त्याच वहीत तोडणाऱ्या दोघांची दोन नावं लिहिली जावीत: नवऱ्याचं आणि बायकोचं, स्वतंत्र. मजुरीही ज्याची त्याच्या हातात पडावी. वही तीच, लेखणी तीच, आणि ती वही चालवणारे सभासद तेच. पुढच्या दसऱ्याला गव्हाणीची पूजा होईल तेव्हा, इतकी वर्षं रांग सरळ ठेवायला शिकलेल्या या गावांनी ती नावं लिहून घ्यावीत.